उन्हाळी अभ्यासक्रमासाठी पैसे कुठे आणि कसे मागायचे: गोव्यातल्या विद्यार्थ्यांसाठी

गणेशचवथीची माटोळी (गणपतीवर बांधलेली फळापानांची आरास) उतरवली की पुढच्या उन्हाळ्याच्या पैशांची चौकशी सुरू करा. घाई वाटेल, पण हिशेब सरळ आहे. उन्हाळी अभ्यासक्रम चालवणाऱ्या बऱ्याच संस्था मदतीसाठी राखलेली रक्कम थंडीच्या दिवसांत ठरवून मोकळ्या होतात. एप्रिलमध्ये पेपर संपवून जो विचारायला जातो, त्याला एखादी रिकामी जागा मिळूनही जाते. शुल्कमाफी आणि विद्यावेतन मात्र तोवर दुसऱ्या कुणाच्या नावावर लागलेलं असतं.

"कुठली शिष्यवृत्ती मिळेल?" हा प्रश्न घेऊन मुलं येतात, तेव्हा त्याआधीच्या दोन-तीन गोष्टी बहुतेकदा ठरलेल्याच नसतात. म्हणून हा लेख कामाच्या क्रमाने लिहिला आहे. ज्यांच्या घरातलं पहिलंच मूल विद्यापीठापर्यंत पोचलं आहे, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. बाकीच्यांनी मधले भाग गाळायला हरकत नाही.

पहिलं काम: अभ्यासक्रम कुठल्या जातीचा ते ओळखा

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांपुढे साधारण चार तऱ्हेचे उन्हाळी अभ्यासक्रम येतात आणि प्रत्येकाचे पैसे वेगळ्या तिजोरीतून येतात.

पहिला, आपल्याच महाविद्यालयाचा. गोवा विद्यापीठाच्या महाविद्यालयांत २०२३-२४ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) आराखड्यात आठ आठवड्यांच्या उन्हाळी सत्राची तरतूद आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर प्रमाणपत्र वा पदविका घेऊन बाहेर पडायचं असेल, तर त्या सत्रात चार श्रेयांकांचा (क्रेडिटचा) व्यवसाय-अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. झुआरीनगरच्या बिट्ससारख्या ठिकाणी राहिलेले किंवा जादा विषय घेण्यासाठी वेगळी समर टर्म असते आणि तिचं शुल्कही वेगळं असतं. इथे मदत मागायची ती प्राचार्यांच्या कार्यालयात: विद्यार्थी साहाय्य निधी आहे का, शुल्क हप्त्यांनी भरता येईल का, वर्षाच्या शुल्कात मिळालेली सवलत उन्हाळी सत्राला लागू होते का.

दुसरा, संशोधन संस्थांतला. विज्ञान शाखेच्या मुलांनी आधी इथेच पाहावं, कारण इथे पैसे तुम्ही भरत नाही, तुम्हाला मिळतात. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी मिळून दर वर्षी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दोन महिने देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, विद्यावेतन आणि प्रवासखर्च. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा (टीआयएफआर) विद्यार्थी संशोधन कार्यक्रम आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा 'नियस' हे असेच दुसरे दोन रस्ते. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या दारावरून रोज कदंबाच्या बसने जाणारी कितीतरी मुलं आहेत, पण आपल्यासारख्यांना तिथे किंवा बाहेरगावच्या अशा संस्थेत दोन महिने काम करता येतं हे त्यांच्या गावीही नसतं.

तिसरा, परदेशातला. त्यावर पुढे सविस्तर.

चौथा, ऑनलाइन. केंद्र सरकारच्या 'स्वयम्'वर शिकणं फुकट आहे, पैसे पडतात ते फक्त परीक्षेचे. एका सत्रातल्या विषयांपैकी चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक असे ऑनलाइन मिळवायला यूजीसीची परवानगी आहे. तुमचं महाविद्यालय त्यातले कुठले मान्य करतं, ते नोंदणीआधी लेखी विचारून घ्या. घरात खरोखरच हात आखडता असेल, तर पहिल्या उन्हाळ्यासाठी मी हाच सुचवीन.

युरोपचा उन्हाळा म्हणजे आपला आषाढ

आपली महाविद्यालयं जूनमध्ये उघडतात. युरोपातले उन्हाळी वर्ग भरतात जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा आपल्याकडे सत्र चालू असतं, बाहेर पाऊस कोसळत असतो आणि हजेरीपटावर तुमच्या नावापुढे शून्यं पडत असतात. याचा पैशांशी काय संबंध, असं वाटेल. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी चालू राहण्यासाठी पन्नास टक्के गुण आणि पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. चार आठवड्यांच्या परदेशी वर्गासाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती घालवली, तर सौदा महाग पडला.

म्हणून अर्ज पाठवण्याआधी प्राचार्यांना पत्र द्या. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अभ्यासक्रमासाठी बाहेर असेन, त्या काळातली हजेरी आणि अंतर्गत चाचण्यांचं काय करायचं, हे त्यात विचारा. उत्तर कागदावर मिळवा. "जा रे, बघू मागाहून" हे उत्तर धरू नका. सांगणारे सर दुसऱ्या महाविद्यालयात बदलून गेले की त्या शब्दाला कुणी वाली राहत नाही. हे पत्र पुढे दोन ठिकाणी कामाला येतं: मदत देणाऱ्या संस्थेला तुम्ही नक्की येणार याची खात्री पटते आणि व्हिसाच्या वेळी तुम्ही परत येऊन शिकणार आहात याचा तो पुरावा ठरतो.

मे महिन्यातल्या देशी अभ्यासक्रमांची अडचण वेगळी. एखादा पेपर पुढे ढकलला गेला तर तारखा एकमेकांवर चढतात. जागा स्वीकारताना, आठवडाभर उशिरा आलं तर चालेल का, हे आधीच विचारून ठेवावं.

दुसरं काम: खर्चाचा कागद

एका पानावर डावीकडे खर्च, उजवीकडे जमा. एवढं साधं काम बहुतेक जण करत नाहीत आणि मग अर्जात "मला आर्थिक मदतीची गरज आहे" एवढंच लिहितात. किती गरज, ते त्यांनाच ठाऊक नसतं.

खर्चाच्या बाजूला शिक्षणशुल्काखेरीज नोंदणी, परीक्षा, पुस्तकं, राहणं, जेवण, गावातल्या गावातला प्रवास, जाण्यायेण्याचं भाडं आणि आरोग्यविमा धरा. परदेशी जायचं तर पासपोर्ट, व्हिसा, आणि परकी चलन महागलं तर म्हणून थोडी राखीव रक्कम. आणखी एक रकाना आपल्याकडच्या मुलांना हमखास लागतो: बुडणारी कमाई. मे महिन्यात गोवा पाहुण्यांनी भरलेला असतो, लग्नसराई असते. केटरिंगवाल्यांकडे, हॉटेलांत, दुकानांत राबून कितीतरी मुलं जूनची फी उभी करतात. दोन महिने अभ्यासक्रमाला गेलात तर ती कमाई गेली. ती खर्चात दाखवा. मदत देणाऱ्यांना हे समजतं, पण सांगितल्याशिवाय कळत नाही.

जमेच्या बाजूला घरचे काय देतील ते खरं लिहा. "आजी देईल" असं असेल तर आजीला आधी विचारा. दोन्ही बाजूंतला फरक म्हणजे तुमची मागणी. पुढच्या प्रत्येक अर्जात हाच आकडा जाणार. एकीकडे चाळीस हजार आणि दुसरीकडे साठ हजार लिहिलेले अर्ज एकाच टेबलावर पोचले, तर दोन्हींवरचा विश्वास उडतो.

तिसरं काम: ज्याचा अभ्यासक्रम, त्यालाच आधी विचारा

मी सर्वांत जास्त भर याच्यावर देईन. आपली मुलं आधी सरकारकडे धावतात, मग ट्रस्टांकडे, आणि अभ्यासक्रम चालवणाऱ्या विद्यापीठाला विचारायचं त्यांच्या डोक्यातच येत नाही. तिथे जाऊन पैसे मागायचे कसे, असा संकोच वाटतो. पण ज्याच्याकडे जागा आहे, त्याला ती कमी शुल्कात द्यायला सर्वांत सोपं जातं. वर्ग तर भरायचाच आहे, शिक्षक ठरलेले आहेत, आणखी एक खुर्ची मांडायला त्याला फारसं काही पडत नाही. बाहेरच्या ट्रस्टला मात्र खिशातून रोख काढावी लागते.

संकेतस्थळावर 'शुल्क' असं लिहिलेलं पान शेवटपर्यंत वाचा. शुल्कमाफी, अंशतः सवलत, लवकर नोंदणीची सूट, मदतनीस म्हणून काम करण्याच्या बदल्यात राहण्याची सोय, यांतलं काही ना काही बहुतेकदा तळाशी बारीक अक्षरांत असतं. नसलं तरी समन्वयकांना ईमेल पाठवा. ईमेल छोटी असावी आणि तिच्यात आकडा असावा. साधारण अशी:

"तुमच्या अमुक अभ्यासक्रमासाठी मी अर्ज करत आहे. माझ्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न इतकं असून दाखला सोबत जोडला आहे. मला एकूण खर्च इतका येईल. त्यातले इतके घरून मिळतील आणि इतके महाविद्यालयाच्या निधीतून. इतके रुपये कमी पडतात. शुल्कात तेवढी सवलत मिळाल्यास मी नक्की येईन. निम्मी मिळाल्यास उरलेली रक्कम उभी करून अमुक तारखेपर्यंत कळवीन."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. पूर्ण माफी द्यायची नसते पण निम्मी देता येते, अशा वेळी समोरच्याला तुम्ही मार्ग मोकळा करून देता. गरिबीचं वर्णन मात्र आवरतं घ्या. वडिलांचं आजारपण, बंद पडलेला खाणीवरचा ट्रक, घराचं गळकं छप्पर, हे सगळं खरं असेल. पण निवड करणाऱ्याला दोन ओळींत परिस्थिती आणि चार ओळींत तुम्ही तिथे येऊन काय शिकणार, हे वाचायचं असतं. "मला शिकण्याची खूप आवड आहे" याऐवजी "तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात मांडवीच्या खारफुटीवर काम करायचं आहे, त्यासाठी नकाशे वाचायची पद्धत मला शिकायची आहे" असं लिहिलं, की अर्ज वाचणारा पुढची ओळ वाचतो.

शिफारसपत्रासाठी शिक्षकांकडे नाताळच्या सुट्टीआधी जा. सोबत गुणपत्रिका, अभ्यासक्रमाची माहिती आणि तुम्ही त्यांच्या विषयात काय केलंत याच्या चार ओळी न्या. मार्चमध्ये शिक्षक प्रश्नपत्रिकांत आणि अंतर्गत गुणांत बुडालेले असतात. तेव्हा मागितलेलं पत्र चार ओळींचंच येतं.

परदेशी भाषा शिकणाऱ्यांसाठी

पोर्तुगीज शिकणाऱ्यांना गोव्यात बसून जेवढ्या सोयी आहेत, तेवढ्या देशात क्वचितच कुणाला असतील. पोर्तुगाल सरकारची कामोंइश संस्था भाषा आणि संस्कृतीच्या उन्हाळी अभ्यासक्रमांसाठी शिष्यवृत्त्या देते आणि तिचं भाषा केंद्र पणजीत आहे. पणजीच्या फोंतेन्हास भागातल्या फुंदासांव ओरिएन्त या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेच्या कार्यालयातही चौकशी करावी. कोइंब्रा विद्यापीठ, म्हणजे १२९० साली स्थापन झालेलं पोर्तुगालमधलं सर्वांत जुनं विद्यापीठ, दर उन्हाळ्यात परदेशी विद्यार्थ्यांसाठी पोर्तुगीजचे वर्ग घेतं. पोर्तुगीज फक्त ख्रिस्ती घरांतल्या मुलांनी शिकायची, असा एक समज आपल्या मराठी घरांत अजून आहे. जुने जमिनीचे कागद, कोमुनिदादीचे (गावकऱ्यांच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचे) दप्तर, देवस्थानांची जुनी कागदपत्रं वाचायला ही भाषा ज्याला येते त्याला गोव्यात काम कमी पडत नाही. अर्जात तेच कारण लिहिता येतं आणि ते पटणारं आहे.

जर्मन शिकणाऱ्यांसाठी डाड (DAAD) ही जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था जर्मन विद्यापीठांतल्या उन्हाळी भाषावर्गांना शिष्यवृत्ती देते. तिची मुदत आदल्या हिवाळ्यातच संपते. भाषेची पातळी सिद्ध करणारं प्रमाणपत्र लागत असल्याने ती परीक्षा त्याच्याही आधी द्यावी लागते. अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या मुलांसाठी याच संस्थेची 'वाइज' नावाची उन्हाळी संशोधन योजना आहे; ती ठरावीक संस्थांतल्या विद्यार्थ्यांनाच खुली असते, तेव्हा यादीत आपल्या संस्थेचं नाव आहे का ते आधी बघा.

व्हिसाच्या खर्चात वाचवण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. नव्वद दिवसांपर्यंतच्या शेंगेन व्हिसाचं (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचं) शुल्क जून २०२४ पासून नव्वद युरो आहे. पण अभ्यासासाठी किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना ते माफ असतं, असं शेंगेन नियमावलीतच लिहिलेलं आहे. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क मात्र भरावं लागतं. प्रवेशपत्र आणि महाविद्यालयाचं पत्र दाखवून ही माफी मागायची असते. कुणी आपणहून देत नाही. निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पोर्तुगालचा महावाणिज्यदूतावास पणजीतच असल्याने निदान ती धावपळ मुंबईपर्यंत जात नाही.

चौथं काम: कागदपत्रं

इथे वेळ द्या. अर्ज उत्तम लिहूनही जे बाहेर पडतात, त्यांतले बरेच जण कागदांवर अडकलेले असतात.

उत्पन्नाचा दाखला तुमच्या तालुक्याच्या मामलेदार कचेरीतून मिळतो. अर्ज 'गोवा ऑनलाइन' पोर्टलवरूनही करता येतो. दाखला चालू वर्षाचा असावा. आई-वडील दोघंही कमावत असतील तर दोघांचं उत्पन्न धरलं जातं, हे लक्षात ठेवून सुरुवातीलाच दोघांचे कागद न्या. गोव्यातल्या राज्य योजनांना बहुतेकदा पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. तोही मामलेदाराकडूनच. जातीचा दाखला लागत असेल तर तो वेगळ्या कार्यालयाचा आणि जास्त वेळ खाणारा. बारावीलाच काढून ठेवलेला बरा.

मग नावाचा घोळ. हा खास आपला आहे. पोर्तुगीज काळात रोमी लिपीत नोंदलेली आडनावं घराघरांत वेगवेगळ्या स्पेलिंगने चालत आली आहेत. देसायांच्या एकाच घरात वडिलांच्या जन्मदाखल्यावर दोन 'एस', मुलाच्या आधारवर एक. नाईकांचं एका कागदावर 'के'ने संपतं तर दुसऱ्यावर 'क्यूयूई'ने. कुणाच्या नावात मधे वडिलांचं नाव आहे, कुणाच्या नाही, कुणाचं आडनाव गावावरून मागाहून बदललेलं. माणसाला हे कळतं, पोर्टलला कळत नाही. अक्षर जुळलं नाही की अर्ज परत. म्हणून एक दिवस बसून दहावीची गुणपत्रिका, आधार, बँक पासबुक, पासपोर्ट आणि जन्मदाखला शेजारीशेजारी ठेवा आणि स्पेलिंग अक्षर लावून ताडून बघा. फरक सापडला तर आधार आणि बँक हे दोन सर्वांत लवकर दुरुस्त होतात, तेव्हा ते गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्या. नावच बदलायचं असेल तर गोव्यात त्यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे आणि त्याची रीतसर प्रक्रिया वेळखाऊ आहे. अर्जाची मुदत आठवड्यावर आली असताना त्या वाटेला जाऊ नका.

बँकेचं खातं तुमच्या स्वतःच्या नावाचं हवं. सरकारी पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होतात. केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे जोडणी झाली, असं होत नाही. सरकारी अनुदान याच खात्यात यावं यासाठी बँकेत वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि एका वेळी एकाच खात्याला ती जोडणी चालते. गावातल्या पतसंस्थेत जुनं खातं असलं तरी या कामासाठी बँकेचं खातं उघडलेलं बरं.

सगळे कागद स्कॅन करून एका ठिकाणी ठेवा. मोबाइलने तिरका फोटो काढून चढवलेला दाखला वाचता आला नाही, म्हणून परत आलेले अर्ज कमी नाहीत. घरी नेट नीट चालत नसेल तर पाट्टोवरच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बसून काम करता येतं.

सरकारी योजना: कुठल्या लागू, कुठल्या नाहीत

सरकारच्या बहुतेक शिष्यवृत्त्या वर्षाच्या पदवी अभ्यासक्रमासाठी असतात, सुट्टीतल्या छोट्या वर्गासाठी नाही. तरीही त्यांचा उपयोग आहे. वर्षाचं शुल्क त्यांतून भागलं, तर घरचे पैसे उन्हाळ्यासाठी मोकळे होतात.

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आधी एकदाच करायची नोंदणी करून क्रमांक घ्यायचा, मग योजना निवडायची. तिथली महाविद्यालय-विद्यापीठ विद्यार्थ्यांसाठीची केंद्रीय योजना पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये आणि पदव्युत्तरला २०,००० रुपये देते. त्यासाठी कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत आणि बारावीला आपल्या मंडळाच्या वरच्या वीस टक्क्यांत असणं लागतं. राज्यात पर्वरीच्या उच्च शिक्षण संचालनालयाची बर्सरी योजना आर्थिकदृष्ट्या मागे असलेल्यांसाठी आहे. अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीयांच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्त्या समाज कल्याण खात्याकडे, तर अनुसूचित जमातींच्या आदिवासी कल्याण खात्याकडे. दोन शिष्यवृत्त्या एकदम घ्यायला बहुतेक योजनांत मनाई असते, तेव्हा जी मोठी आणि पक्की तीच धरा.

मनोहर पर्रीकरांच्या नावाची गोवा स्कॉलर्स योजना नामांकित विद्यापीठांतल्या उच्च पदव्यांसाठी आहे आणि जे. एन. टाटा एंडोमेंटचं कर्जही परदेशातल्या पूर्णवेळ शिक्षणासाठी मिळतं. चार आठवड्यांच्या वर्गासाठी या दोन्हींकडे अर्ज करून वेळ घालवू नका.

घराजवळचीही दारं वाजवा. ज्ञातिसमाजाच्या संस्था, देवस्थानं, रोटरी-लायन्सचे क्लब, आई-वडील ज्या सहकारी संस्थेचे सभासद आहेत ती संस्था. पाच-दहा हजार रुपये इथून मिळू शकतात आणि विमानाच्या तिकिटातला एक तुकडा भरून निघतो. वडील किंवा आई नोंदणीकृत बांधकाम कामगार असतील तर कामगार कल्याण मंडळाकडून मुलांच्या शिक्षणाला साहाय्य मिळतं. नोंदणी चालू आहे ना, ते आधी तपासा. या संस्थांना खर्चाचा तोच एक पानी कागद द्या. कार्यकारिणीची बैठक महिन्या-दोन महिन्यांनी होते, म्हणून पत्र दिवाळीनंतर लगेच गेलेलं बरं.

अमेरिकेत पदवीला असलेल्यांसाठी

तिथे शिकणाऱ्यांनी एक गोष्ट आधी समजून घ्यावी. फॅफ्सा नावाचा अर्ज भरून मिळणारी तिथल्या केंद्र सरकारची मदत एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना मिळत नाही. तुम्ही विचारायचं ते विभागाला: उन्हाळ्यात साहाय्यकाचं काम आहे का, त्यासोबत शुल्कमाफी आहे का. सत्र चालू असताना आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं, सुट्टीत पूर्णवेळ. उन्हाळी सत्र घेतल्याने तुमची सुट्टी मोडते का, हे तिथल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी घ्यावं.

ज्यांच्याकडे अमेरिकेचं नागरिकत्व आहे त्यांचं वेगळं. मदतीचं वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपतं. त्यामुळे मधे येणारं उन्हाळी सत्र काही विद्यापीठं सरत्या वर्षात धरतात, काही येत्या. कुठल्या वर्षाचा फॅफ्सा लागेल ते यावर ठरतं. पेल अनुदान, म्हणजे गरजू पदवी विद्यार्थ्यांना मिळणारी केंद्रीय मदत, उन्हाळ्यातही मिळून वर्षाच्या हक्काच्या दीडपटीपर्यंत जाऊ शकतं. त्या जादा भागासाठी निदान अर्धवेळ नोंदणी हवी.

कर्ज

हे सर्वांत शेवटी, आणि तेही राहिलेल्या फरकापुरतंच. पर्वरीचं गोवा शिक्षण विकास महामंडळ बिनव्याजी शैक्षणिक कर्ज देतं, पण ते मुख्यतः पूर्ण अभ्यासक्रमांसाठी. तुमचा उन्हाळी वर्ग त्याच पदवीचा सक्तीचा भाग असेल तर तसं महाविद्यालयाकडून लिहून घेऊन विचारावं. मान्यताप्राप्त कौशल्य अभ्यासक्रमांसाठी बँका कौशल्य कर्ज देतात. २०२४ पासून त्याची मर्यादा साडेसात लाख रुपये आहे. मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणारं कर्ज घेऊ नका, रक्कम कितीही छोटी असो.

उत्तर आल्यावर

मदत मंजूर झाली तर पत्रातली प्रत्येक अट वाचा. बरीच मदत अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर, पावत्या दाखवल्यावर हातात पडते. म्हणजे तिकीट आणि पहिल्या महिन्याचं राहणं आधी स्वतः भरावं लागतं. तेवढी उचल कुठून होणार, ते घरात आधीच ठरवा. अंशतः मंजूर झाली तर नवा फरक काढून एकदा, फक्त एकदाच, नम्रपणे पुन्हा विचारा. दरम्यान दुसरीकडून काही मिळालं असेल तर तेही सांगा. नाकारली तर कारण विचारायला संकोच नको. "निधी संपला" असं उत्तर आलं तर प्रतीक्षायादीत नाव ठेवायला सांगा, कारण निवड झालेले काही जण मे उजाडता उजाडता माघार घेतात.

तुम्ही अर्जच केला नाही अशा ठिकाणाहून "तुमची उन्हाळी कार्यक्रमासाठी निवड झाली आहे" अशी ईमेल आली, तर तिच्यातली नोंदणी फी भरू नका. नाव मोठ्या विद्यापीठाचं असलं तरी त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तो कार्यक्रम आणि तीच तारीख दिसते का ते बघा. जागा फक्त भाड्याने घेऊन कार्यक्रम चालवणाऱ्या कंपन्याही असतात.

परत आल्यावर महिन्याभरात हिशेब पाठवा: शुल्काची पावती, बोर्डिंग पास, राहण्याचं बिल, प्रमाणपत्राची प्रत. शिल्लक पैसे परत करायची अट असेल तर तेही. श्रेयांक मिळाले असतील तर ते तुमच्या श्रेयांक खात्यात जमा झाले का, ते महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात जाऊन पाहा. दुसऱ्या विद्यापीठाची गुणपत्रिका सीलबंद मागवावी लागली, तर तिचा खर्चही सुरुवातीच्या त्या एक पानी कागदात धरलेला असावा.